बिनठिपक्याचं नाणं

दादाचा फोन आला तेव्हा माझ्या उजव्या डोळ्याला भिंग लागलेलं होतं. दादा ऑफिसच्या नंबरवर कधी फोन करत नाही. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा त्याने तो वहिनीला करायला लावला होता. त्यामुळे पलीकडच्या टेबलावरच्या मुलीने "तुमचे मोठे भाऊ" म्हणून रिसीव्हर पुढे केला, तेव्हा घरातली माणसं एकेक करून माझ्या डोळ्यांपुढून गेली. कोण आजारी होतं, कोणाचं काय बाकी होतं. भिंग काढायचंही सुचलं नाही. "अरे, ते नाणं तुमच्याकडे आलंय ना?" दादा म्हणाला. "लिलावाची यादी मागवून घेतली मी. अठ्ठ्याऐंशी नंबर. ठिपका नसलेलं. मी बोली लावणार आहे." मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "ऐकतोयस ना? त्यातलं मला काय कळतंय! तेवढ्या भावाचं ते आहे का, ते तू सांग. तू घे म्हणालास तर घेतो, नको म्हणालास तर विषय संपला." मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "बाबांचं तेवढंच राहिलंय रे माझ्याकडून," असं म्हणाला आणि मी उत्तर द्यायच्या आत त्याने फोन ठेवला. फोनवर जास्त बोललं की बिल वाढतं ही त्याची समजूत अजून गेलेली नाही.

अठ्ठ्याऐंशी नंबर त्या वेळी माझ्या दोन बोटांमध्येच होता. तसं बघायला गेलं तर त्या नाण्यात काहीच नाही. अर्ध्या रुपयाचं, निकेलचं, रस्त्यात पडलेलं दिसलं तर कोणी वाकून उचलणार नाही असं. अशी नाणी एकोणीस वर्षं पाडली गेली, दोन टांकसाळींमध्ये. जुन्या टांकसाळीची साधी, आणि नव्या टांकसाळीने आपली ओळख म्हणून सालाखाली एक ठिपका दिलेला, खसखशीच्या दाण्याएवढा. अकराव्या वर्षी जुनी टांकसाळ दुरुस्तीसाठी बंद होती, म्हणजे त्या सालाची सगळी नाणी ठिपक्याचीच असायला हवीत. तसं सगळे मानतही होते. मग बावीस वर्षांपूर्वी त्या सालाचं एक बिनठिपक्याचं नाणं निघालं, आणि नाणी जमवणाऱ्यांच्या त्रैमासिकात कोणीतरी चार ओळी छापल्या, की जुन्या टांकसाळीने बंद व्हायच्या आधी थोडी नाणी पाडली असली पाहिजेत आणि हे त्यातलं एक. तो कोणीतरी म्हणजे मी. त्या चार ओळींवर पुढे नाण्यांच्या सूची निघाल्या, सूचींवरून भाव ठरले, आणखी दोन नाणी कुठून कुठून बाहेर आली. आता ज्या आकड्याला बोली सुरू होणार होती तो दादाच्या तीन वर्षांच्या पेन्शनएवढा होता. यादीत नाण्याच्या फोटोखाली माझ्याच चार ओळी छापल्या होत्या, माझ्या नावासकट. मालकांनी सकाळी पुडी टेबलावर ठेवताना म्हटलं होतं, "काका, ह्याला तुम्हाला बघायचंही कारण नाही. तुमचंच बाळ आहे. संध्याकाळपर्यंत चिठ्ठी लिहून टाका." मालकांना मी ते हाफ पँटमध्ये असल्यापासून ओळखतो. त्यांच्या वडिलांनी मला कामावर घेतलं होतं.

मी दिवा जवळ ओढला आणि बघितलं. साल बघितलं नाही, ठिपक्याची रिकामी जागाही बघितली नाही. माझा डोळा आपोआप सालाच्या शेवटच्या आकड्याच्या पायाशी गेला, आणि ती रेघ तिथे होती. नाणं पाडायच्या ठशाला तडा गेला की त्या फटीत धातू घुसतो आणि नाण्यावर केसाएवढी एक उंच रेघ उठते. ह्या नाण्यावर ती आकड्याच्या पायापासून निघून काठाकडे जाते आणि अर्ध्या वाटेवर थांबते. बावीस वर्षांपूर्वी जिथे थांबली होती तिथेच थांबलेली होती. मध्यंतरी माझे केस गेले, बायको गेली, बाबा गेले, ऑफिसच्या खालचं लॅम्पशेडचं दुकान जाऊन तिथे चष्म्याचं आलं. रेघ एक केसभर पुढे सरकली नव्हती. दिव्याची ऊब मनगटावर येत होती आणि बोटांना निकेलचा तो आंबूस वास लागला होता, जो साबणानेही जात नाही. मी भिंग काढून डोळे मिटून बसलो. पलीकडच्या मुलीने पाणी हवं का विचारलं. नको म्हटलं.

बाबा कारखान्यात मोजमापाच्या खोलीत होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू मोजल्या. मायक्रोमीटर हातात धरून एखादा सुटा भाग केसाच्या दशांशाने जाड आहे असं ते सांगत, आणि तो भाग टाकून दिला जाई. घरीही त्यांचं तेच. माझं प्रगतिपुस्तक ते असं धरत, जणू त्याचीही जाडी घ्यायची आहे. ह्या अर्ध्याच्या नाण्यांचा संच त्यांनी तरुणपणी सुरू केला. एकतीस नाणी व्हायची. सागाच्या फळीत एकतीस खाचा स्वतः पाडून, आत मखमल चिकटवून त्यांनी ट्रे केला होता. सांगायला हरकत नाही, त्यातली वीस नाणी मी आणून दिली. माझा धंदाच तो. चांगलं निघालं की पगारातून घ्यायचो, चिमट्यात धरून त्यांच्यापुढे न्यायचो, ते भिंगातून बघायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे." शेवटी एक खाच उरली, त्या अकराव्या सालाची. ठिपक्याचं साधंच नाणं, काही दुर्मीळ नव्हे, पण सुबक मिळत नव्हतं आणि बाबांना घासलेलं चालत नव्हतं. ते दादाला मिळालं. दादा बसवर कंडक्टर होता, त्याच्या कातडी पिशवीत दिवसाला हजारभर नाणी येऊन जात. एका दुपारी कोणीतरी तिकिटाला ते दिलं, अगदी कोरं, कुठल्या तरी डब्यात वर्षानुवर्षं पडून असलेलं. दादाने स्वतःच्या खिशातलं एक अर्ध्याचं नाणं पिशवीत टाकलं आणि ते रुमालात बांधून घरी आणलं. त्या रविवारी बाबांनी शेजारपाजारचे चारजण चहाला बोलावले. ट्रे मधल्या टेबलावर ठेवला. "हा माझा मोठा," ते म्हणाले, "ह्याने पूर्ण केला." आणि दादाच्या पाठीवर थाप मारली. बाबांनी कोणाच्या पाठीवर थाप मारलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. मग मी चहाचे कप घेऊन आलो तेव्हा त्यांना आठवलं आणि ते म्हणाले, "आणि हा धाकटा. हाही नाण्यांतच असतो."

हसायला आलं असतं, दुसऱ्या कोणाच्या घरी घडलं असतं तर. मीही हसलोच त्या दिवशी. ट्रेचे फोटो काढून दे असं बाबांनी सांगितलं म्हणून मी एकतीसच्या एकतीस नाणी ऑफिसात आणून एकेकाचा मोठा फोटो काढला. दादाचं नाणंही. त्या नाण्यावर आकड्याच्या पायापासून एक रेघ निघून थेट काठाला भिडलेली होती, हे मी तेव्हा पाहिलं. अशी रेघ एकदा पाहिली की विसरायची सोय नसते. माणसं चेहरे लक्षात ठेवतात, आम्ही तडे.

आणि आठ महिन्यांनी एका म्हाताऱ्या दुकानदाराने गल्ल्यात सापडलेलं बिनठिपक्याचं नाणं माझ्या टेबलावर ठेवलं. आज माझ्यापुढे होतं तेच. पहिल्या नजरेत माझा श्वास अडकला, ते खरं आहे. त्या पहिल्या नजरेपुरता मी स्वच्छ आहे. दुसऱ्या नजरेत रेघ दिसली, तीच जागा, तोच वळसा, फक्त अर्ध्यावर थांबलेली. ठशावरचा तडा वाढतो, तो कधी भरून येत नाही. म्हणजे हे आधी पाडलेलं आणि दादाचं नंतर, दोन्ही एकाच ठशातून. आणि नंतरच्यावर ठिपका आहे. ठसा कोरणारा ठिपका विसरला असता किंवा ठसा जुन्या टांकसाळीचा असता, तर तो पुढे आपोआप उगवला नसता. ठिपका पहिल्यापासून ठशात होता. त्याच्या खळग्यात ग्रीस आणि धूळ बसली, काही नाणी बिनठिपक्याची पडली, मग कोणा कामगाराने फडक्याने ठसा पुसला. एवढीच गोष्ट. त्या नाण्याची किंमत अर्धा रुपया, जेवढी त्याच्यावर लिहिली आहे तेवढी. हे सगळं मला समजायला किती वेळ लागला? पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ते मला समजलंच नाही, कामाची घाई होती, उजेड वाईट होता, तीस-बत्तीसचं वय आणि नाव छापून यायची हाव. हाव तर होतीच. पण त्रैमासिकाला फोटो पाठवताना मी तो कापला. कात्रीने, पट्टी लावून, सरळ. साल आणि ठिपक्याची रिकामी जागा ठेवली आणि शेवटच्या आकड्याच्या पायापासून पुढचा भाग काढून टाकला. साल मोठं दिसावं म्हणून, असं संपादकांना कळवलं. ज्याला काही समजलेलं नाही तो माणूस बरोबर तेवढंच कसं कापेल?

अंक मी स्वतः बाबांना नेऊन दिला. रविवार होता. त्यांनी चार ओळी दोनदा वाचल्या, मग ट्रेकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. पण पहिल्यांदाच ते माझ्याकडे असं बघत होते की मी सांगितलेलं माप त्यांना मान्य करावं लागतंय. मला आनंद झाला. आज हे लिहिताना लाज वाटते, पण त्या दिवशी जिन्यावरून उतरताना मी शीळ घालत होतो. "म्हणजे बत्तीस," ते म्हणाले होते. आणि मग, "पूर्ण नाण्याचा फोटो नाही का?" मी म्हटलं, "नाही. नाणं ज्याचं तो घेऊन गेला." पूर्ण नाण्याचा तो फोटो माझ्या खणात होता. पुढच्या दोन महिन्यांत बाबांनी नवीन ट्रे केला. जुन्यात एक खाच वाढवता आली असती, पण ओळ बिघडली असती आणि ते त्यांना खपलं नसतं. रिटायर झालेला माणूस, हात थोडे कापायला लागलेले. बत्तीस खाचा, नवी मखमल. एकतीस नाणी त्यात बसली आणि अकराव्या सालाशेजारी एक खाच तशीच राहिली.

नऊ वर्षं राहिली. मी दर रविवारी जायचो, आणि दार उघडल्यावर ते पहिला प्रश्न विचारायचे, "सापडलं का रे?" मी म्हणायचो, "बघतोय." बस्स. आमच्यात त्याहून जास्त बोलणं नव्हतंच, आणि खरं सांगायचं तर तेवढं तरी होतं. त्यांच्या सगळ्या आयुष्यात ती नऊ वर्षं मी त्यांना लागत होतो. आता वाटतं, की ज्या माणसाने केसाचा दशांश मोजला त्याला एवढा कापलेला फोटो बघून काहीच वाटलं नसेल? ते भिंग घेऊन त्या अंकावर बसलेले मी पाहिले आहेत. कदाचित ते विचारत होते ते नाण्याबद्दल नव्हतंच. कदाचित दर रविवारी ते माझ्यापुढे दार उघडं धरत होते, की आत ये आणि सांगून टाक. हे मला कळायला मार्ग नाही. शेवटच्या आजारात दादाने सगळं केलं. बसची ड्यूटी सांभाळून त्यांना उचलणं, धुणं, रात्री दोनदा कूस बदलणं. मी फळं न्यायचो. एकदा मी खोलीत असताना ते दादाला म्हणाले, "तेवढं एक राहिलं बघ." माझ्याकडे बघितलं नाही. दादाने मान डोलावली आणि ते जणू त्याच्यावर सोपवलं गेलं. काम माझं, पाप माझं, आणि शब्द दिला त्याने.

दुपार टळून गेली तरी चिठ्ठी कोरीच होती. आमच्या चिठ्ठीवर दोन रकाने असतात, एकात वस्तू खरी की खोटी आणि दुसऱ्यात सांगितलेल्या भावाची आहे की नाही. एका दमात लिहून टाकलं. नाणं खरं, पण वेगळा प्रकार नव्हे. ठसा बुजल्याने ठिपका उठलेला नाही. सांगितलेल्या भावाचं नाही. खाली सही. पेन ठेवताना हात हलका झाल्यासारखा वाटला आणि मी स्वतःवर जरा खूश झालो, म्हणजे बघा. मालकांनी चिठ्ठी वाचली तेव्हा त्यांचे कान लाल झाले. "काका, अहो यादी छापून झाली! तुमच्याच चार ओळी आहेत खाली. तुम्हीच त्यांच्यावर पाणी ओतणार?" मी म्हटलं, हो. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले, खालच्या चष्म्याच्या दुकानाच्या पाटीकडे बघत. मग वळले तेव्हा चेहरा बदललेला होता. "नाही तरी एक नाणं काढावं लागलं तर बिघडत नाही म्हणा. आपण हे जाहीर करू. आमच्या तज्ज्ञाने बावीस वर्षांनी स्वतःची चूक स्वतः पकडली. लोकांचा विश्वास बसेल. असा माणूस मिळत नाही हो हल्ली." मला वाटलं की आता ह्यांना सांगावं, चूक नव्हती म्हणून. पण त्यांना सांगून काय उपयोग, ज्याला सांगायला हवं तो दुसराच आहे, असं मनाशी म्हणून मी कोट घातला. ही पळवाट होती हे मला जिना उतरतानाच कळलं, पण निदान मी दादाच्या घराच्या दिशेने चालत होतो.

चालताना मी वाक्य तयार केलं. दादा, मला तेव्हाच माहीत होतं. एवढंच. पुढे काही जोडायचं नाही, वय नाही, हाव नाही, चहाचे कप नाहीत. सुतारकामाच्या दुकानापाशी ते एकदा पुटपुटून बघितलं तेव्हा फळ्या रचणारा माणूस माझ्याकडे बघायला लागला. दादाकडे संध्याकाळचं ऊन अजून गॅलरीत होतं. दार वहिनीने उघडलं, "अय्या भावोजी, आज वाट चुकलात?" म्हणाली आणि आत हाक मारली. दादा बनियनवर होता. त्याचा उजवा खांदा पिशवीच्या पट्ट्याने कायमचा खाली गेला आहे. त्याने काही विचारलं नाही, कपाटातून ट्रे काढून माझ्यापुढे ठेवला आणि बँकेचं पुस्तक त्याच्या शेजारी. "बोल," म्हणाला.

"घेऊ नकोस," मी म्हटलं.

"महाग आहे?"

"महागाचा प्रश्नच नाही. ते तसलं नाणंच नाही." मी भिंग त्याच्या हातात दिलं, त्याने आणलेलं नाणं खाचेतून काढलं आणि रेघ दाखवली. त्याला भिंग धरता येत नव्हतं, तो ते लांब धरून डोळा बारीक करत होता, मग मी त्याचं मनगट धरून डोळ्याशी नेलं. मग सगळं सांगितलं, तडा, ग्रीस, फडकं. दादा मन लावून ऐकत होता. बस कुठून कुठे जाते हे त्याला एकदा सांगितलं की पुरे, तसं हेही पुरलं.

"म्हणजे हे माझंच नाणं पुरावा झालं म्हण की," तो म्हणाला आणि हसला. मग हसायचा थांबला. "म्हणजे त्यांचं पूर्ण होतं?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"तू आणलंस त्या दिवसापासून."

तो ट्रेकडे बघत राहिला. आतून वहिनीच्या भांड्यांचा आवाज येत होता. "शेवटच्या आठवड्यात त्यांना माणसं ओळखू येत नव्हती," तो म्हणाला. "मला नर्स म्हणायचे. पण रोज पहाटे ट्रे मागायचे. मी उशाशी धरायचो, ते बोटाने एकेक खाच चाचपायचे. त्या खाचेशी आले की थांबायचे. मग रडायचे रे. मोठ्याने नाही. मी म्हणायचो, आणतो बाबा, आणतो." त्याने तळहाताने तोंड पुसलं. "आणि काही राहिलंच नव्हतं."

मला हे माहीत नव्हतं. मी फळं आणायचो तेव्हा दुपार असायची. तयार केलेलं वाक्य जिभेवर होतं, आणि आता त्याचं वजन अगदी वेगळं झालं होतं. मघाशी ते माझ्याबद्दल होतं, आता ते त्या पहाटेबद्दल होतं. दादाने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, संशयही नव्हता, चुकलेल्या हिशेबात नेमकं कुठे चुकलं हे बघणाऱ्या साध्या माणसाचा प्रश्न होता.

"तुला कधी कळलं हे?"

"आज सकाळी," मी म्हणालो. "तुझा फोन यायच्या जरा आधी."

तो मान हलवत राहिला. मग उठून माझ्याजवळ आला आणि त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, जड, ऊबदार, आणि तसाच राहू दिला. "मग तू कशाला एवढा कानकोंडा होतोस?" तो म्हणाला. "तेव्हा दिसलं नाही, आज दिसलं. माणसाची चूक होते. आणि लपवलं नाहीस, धावत आलास सांगायला. बाबा असते तर तेही हेच म्हणाले असते." वहिनी दारात येऊन उभी होती. "ताटं घेतलीत," ती म्हणाली, "भावोजी, तुम्हीही बसा. असं कोरडं जायचं नाही."

मी हात धुऊन दादाच्या शेजारी बसलो. भूक लागली होती. वहिनीने दुसऱ्यांदा वाढायला आणलं तेव्हा मी नको म्हटलं नाही.